बदली पाकिटे: एका परदेशी टपाल खात्याच्या भरपाई सेवेचा अनुभव

मार्च २०२२ मध्ये लालबागच्या माझ्या घरी युरोपातून एक जाडसर पाकीट आले. आत पाच प्रथम दिवस आवरणे, म्हणजे नवे तिकीट लावून त्यावर प्रकाशनाच्या दिवसाचा शिक्का मारलेली खास पाकिटे, असायला हवी होती. निघाली चार, आणि त्या चारांपैकी एकही धड नव्हते. पहिल्यावरच्या शिक्क्याची शाई वाळण्याआधीच गठ्ठा बांधला गेला होता, त्यामुळे तो शिक्का फिसकटला होता आणि त्याच्यावर पालथ्या पडलेल्या दुसऱ्या पाकिटाच्या चित्रावर आरशातल्यासारखा उलटा उमटला होता. तिसऱ्यावर शिक्का तिकिटाला जेमतेम कडेने स्पर्श करून बाजूच्या कोऱ्या कागदावर पडला होता. चौथे पाकीट एका कोपऱ्यात दुमडले होते आणि ती घडी बरोबर तिकिटातून गेली होती, कारण आधाराला पुठ्ठा घालण्याचे कोणाला सुचले नव्हते. पाचव्याचा पत्ताच नव्हता. चाळीस वर्षे हा छंद केला, परंतु इतक्या निरनिराळ्या खोडी एकाच पुडक्यात मी तोवर पाहिल्या नव्हत्या.

हे ज्या टपाल खात्याविषयी आहे त्या देशाचे नाव मी मुद्दाम देत नाही. तक्रार माझ्यापुरती मिटलेली आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते पाठवणाऱ्यांच्या त्या चुकीपेक्षा त्यानंतर त्यांनी जी भरपाई केली तिच्याविषयी आहे. खराब झालेल्या आवरणाच्या बदल्यात टपाल खाते दुसरे आवरण देते, त्या सेवेचा हा अभिप्राय आहे. मुंबईत बसून परदेशी आवरणे मागवणारे लोक आता थोडेच उरले आहेत, पण जे आहेत त्यांना आज ना उद्या या सेवेची गरज पडतेच. तेव्हा हाती काय येते, ते मूळ वस्तूइतके खरे मानायचे का आणि ते कसे ठेवायचे, याबद्दल मराठीत लिहिलेले माझ्या पाहण्यात आलेले नाही.

आवरणे घरपोच मागवण्याची रचना साधी आहे. वर्षाच्या सुरुवातीला खात्यात रक्कम जमा करायची, कोणत्या मालिकेची किती आवरणे हवीत ते कळवायचे, मग दर तीन महिन्यांनी माल घरी येतो आणि त्याची किंमत जमेतून वजा होते. आपल्या टपाल खात्याची फिलाटेली (तिकीटसंग्रह) ठेव योजना ज्यांनी वापरली आहे त्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. आपल्याकडे दोनशे रुपयांच्या ठेवीवर असे खाते उघडता येते. परदेशी खात्याच्या माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत भरपाईचे नियम छापलेले होते. माल मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत कळवावे, दोषाचे स्वरूप सांगावे, शिल्लक असल्यास बदली आवरण विनामूल्य मिळेल आणि शिल्लक नसल्यास किंमत खात्यात परत जमा होईल, एवढेच त्यांत म्हटले होते. सदोष आवरण परत पाठवावे लागेल की नाही, याबद्दल नियमांत अवाक्षर नव्हते, आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार याच एका मुद्द्यावर अडकला.

मी चारही पाकिटांची छायाचित्रे काढून ईमेलने पाठवली. नवव्या दिवशी उत्तर आले. भाषा सौजन्याची होती, परंतु मागणी अशी होती की चारही आवरणे परत करावीत. मी हिशेब मांडून दाखवला: परत पाठवण्याचा टपालखर्च चारही आवरणांच्या मिळून किमतीपेक्षा अधिक होत होता. शिवाय दुसऱ्या पाकिटावर उलटा उमटलेला शिक्का छायाचित्रात स्पष्ट दिसत असताना पुरावा म्हणून मूळ वस्तू मागण्यात काय अर्थ आहे, हेही विचारले. आठवड्याभरात त्यांनी पहिल्या तीन पाकिटांपुरते माझे म्हणणे मान्य केले. चौथ्याबाबत, म्हणजे घडी पडलेल्या पाकिटाबाबत, त्यांचे म्हणणे असे की घडी पाठवणीपूर्वी पडली की वाटेत पडली हे छायाचित्रावरून ठरत नाही, तेव्हा ते पाकीट प्रत्यक्ष पाहावे लागेल. मला हे पटले नाही, कारण पाकीट प्रत्यक्ष हातात घेऊनही ते ठरत नाही. तरीही मी ते नोंदणी टपालाने पाठवले. आज त्याची चुटपुट लागते, आणि तिचे कारण पुढे येईल.

मे महिन्याच्या अखेरीस पहिल्या तीन पाकिटांची बदली आवरणे आली. या वेळी दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा होता आणि प्रत्येक आवरण पातळ पारदर्शक कागदात वेगळे गुंडाळलेले होते. मूळ मालाला ही काळजी का मिळाली नाही, हा प्रश्न मनात आलाच. परंतु ज्याने तक्रार केली त्याचेच पार्सल नीट बांधायचे ही रीत जगभर सारखीच असावी. पाकिटे पाहताच समाधान वाटले. शिक्के काळेभोर, पूर्ण वर्तुळाचे, तिकिटाच्या कोपऱ्यावर नेमके बसलेले. वरवर पाहणाऱ्याला यापलीकडे काही दिसले नसते. मी मूळ आवरणे शेजारी ठेवली आणि भिंग घेऊन बसलो, तेव्हा फरक एकामागून एक दिसू लागले.

पहिला फरक शिक्क्याचा. मूळ आवरणांवरचा शिक्का यंत्राने मारलेला होता; त्याचा दाब सगळीकडे सारखा, शाई करडी आणि वर्तुळाची रेघ बारीक होती. बदली आवरणांवरचा हाताने मारलेला होता. हाताच्या शिक्क्यात एका बाजूला दाब थोडा अधिक पडतो, त्यामुळे वर्तुळाची डावी कड जाड आणि उजवी पुसट होती, आणि तिन्ही आवरणांवर हा कल एकाच बाजूला होता. म्हणजे तिन्ही एकाच माणसाने, एकाच बैठकीत मारली असावीत असा माझा कयास आहे. दुसरा फरक पत्त्याचा. मूळ आवरणांवर माझे नाव आणि लालबागचा पत्ता छापलेला होता, तर बदली आवरणे कोरी होती. तिसरा फरक असा की मूळ आवरणाच्या आत तिकिटाची माहिती देणारे एक जाड कार्ड होते, बदलीच्या आत काहीच नव्हते आणि झाकणही चिकटवलेले नव्हते. चौथा फरक अगदी बारीक आहे, पण मला तोच सर्वांत आवडला. एका बदली आवरणावरच्या तिकिटाला पानाच्या कडेची कोरी पट्टी तशीच राहिली होती. मूळ आवरणे करताना तिकिटे यंत्राने लावतात आणि कडा काढून टाकतात; इथे कोणीतरी पानावरून एक तिकीट हाताने फाडून, पट्टीसकट, चिकटवले होते.

मुंबईत ‘बदली’ या शब्दाला एक वेगळा इतिहास आहे. आमच्या गिरणगावात बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राहत असे, आणि ज्याचा खाडा असेल त्याच्या मागावर त्याला त्या दिवसापुरते काम मिळत असे. कापड निघत असे ते तेच, त्याच मागाचे, त्याच मापाचे. हजेरीपुस्तकात मात्र त्याचे नाव वेगळ्या रकान्यात राही. माझे वडील सुरुवातीची काही वर्षे बदलीच होते. म्हणून असेल कदाचित, पण ही पाकिटे समोर आली तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात बदली पाकिटे म्हणू लागलो, आणि त्यांना त्यांचा वेगळा रकाना मिळाला पाहिजे असे मला वाटू लागले.

कारण मूळ प्रश्न हाच आहे की बदली पाकिटावरची तारीख खरी असते का. माझ्या हाती आलेल्या तिन्ही बदली आवरणांवर तिकीट निघाल्याच्या पहिल्या दिवसाचीच तारीख होती, आणि ती आवरणे माझ्या तक्रारीनंतर, म्हणजे त्या तारखेनंतर कित्येक आठवड्यांनी तयार झाली असावीत, असे हाताचा शिक्का, कोरा पत्ता आणि कडेची पट्टी पाहून मानावे लागते. गिरगावातले आमच्या मंडळातील ज्येष्ठ संग्राहक, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, त्यांनी ती पाहून एका वाक्यात निकाल दिला: ‘‘हे प्रथम दिवस आवरण नव्हे, प्रथम दिवसाच्या नावाने केलेले आवरण आहे.’’ अप्पांचा मान राखून मी तेव्हा गप्प बसलो, पण मला त्यांचे म्हणणे अर्धेच पटते.

याचे कारण असे की पहिल्या दिवसाची तारीख पहिल्या दिवशीच उमटते, ही समजूत मुळातच सैल आहे. अमेरिकेत तिकीट निघाल्यानंतर संग्राहकाने आपल्या पाकिटावर ते स्वतः लावून, टपाल खात्याने ठरवून दिलेल्या पत्त्यावर पाठवायचे असते, आणि त्यासाठी आता १२० दिवसांची मुदत मिळते. शिक्का त्यानंतर मारला जातो, तारीख मात्र पहिल्या दिवसाचीच पडते. तिथे ‘प्रकाशनाचा पहिला दिवस’ अशी अक्षरे असलेला अधिकृत शिक्का १९३७ मध्ये आला. त्याआधीच्या आवरणांवर त्या दिवसाचा साधा तारखेचा शिक्का असे, आणि त्या जुन्या आवरणांना आजही अधिक मान आहे, कारण ती तारीख खरोखर त्या दिवशी मारलेली असते. आणखी मागे गेलो तर जगातल्या पहिल्या तिकिटाचेच उदाहरण मिळते. ब्रिटनचे पेनी ब्लॅक ६ मे १८४० पासून वापरात यायचे ठरले होते, ते १ मेपासून विकले जाऊ लागले, आणि २ मेच्या शिक्क्याची पत्रेही आज अस्तित्वात आहेत. म्हणजे पहिल्या दिवसाविषयीचा घोळ तिकिटांच्या जन्मापासूनचा आहे. तेव्हा पाकिटावर तारीख नंतर पडली एवढ्यावरून त्याला खोटे म्हणता येत नाही. ज्या टपाल खात्याने मूळ शिक्का मारला, त्याच खात्याने त्याच साच्याने दुसरा मारला असेल तर अधिकार तोच आहे. माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे: पाकीट बदली आहे, हे पाकिटावर कुठेही लिहिलेले नव्हते.

साच्याचा मुद्दा मी वर ओघात लिहिला, पण भरपाई मागताना तो सर्वांत आधी पाहायला हवा. भारतातल्या आवरणांबाबत तर तोच सगळे काही ठरवतो. आपल्याकडे प्रथम दिवसाचा शिक्का त्या त्या शहराच्या फिलाटेली ब्युरोत मारला जातो आणि त्यावर शहराचे नाव असते. त्यामुळे मुंबईच्या शिक्क्याचे आवरण खराब झाले आणि त्याबदल्यात दिल्लीच्या किंवा पुण्याच्या शिक्क्याचे मिळाले, तर तिकीट तेच, चित्र तेच, तारीख तीच असूनही ती भरपाई होत नाही. माझ्या मामांनी मला दिलेले एक आवरण १६ एप्रिल १९५३ चे आहे. भारतीय रेल्वेच्या शताब्दीचे दोन आण्यांचे तिकीट आणि त्यावर बॉम्बेचा शिक्का. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली तिला त्या दिवशी शंभर वर्षे झाली होती. त्या तिकिटावर इतर कोणत्याही शहराचा शिक्का असता तर मी ते एवढे जपले नसते. त्याचप्रमाणे महर्षी कर्वे यांच्या शंभराव्या वाढदिवशी, १८ एप्रिल १९५८ ला निघालेल्या तिकिटाचे आवरण पुण्याच्या शिक्क्याने हवे, असा माझा हट्ट कितीतरी वर्षे होता. आपल्या शहराचे नाव शिक्क्यात १९९५ नंतर मुंबई झाले. तेव्हा बॉम्बे लिहिलेले आवरण आणि मुंबई लिहिलेले आवरण यांचा आमच्याकडे वेगवेगळा हिशेब असतो.

ब्रिटनमध्येही हीच खबरदारी घ्यावी लागते. तिथल्या टपाल खात्याने १९६४ च्या शेक्सपिअर मालिकेपासून स्वतःची सचित्र आवरणे काढायला सुरुवात केली, आणि आज मागणी नोंदवताना ग्राहकाला एडिंबरोच्या टॅलंट्स हाऊसचा शिक्का की त्या मालिकेसाठी ठरवलेल्या गावाचा शिक्का, अशी निवड करता येते. भरपाई मागणाऱ्याने आपण कोणता शिक्का निवडला होता हे पत्रात स्पष्ट लिहिले नाही, तर घोटाळा होण्यास वाव राहतो. माझ्या प्रकरणात त्या देशाचा शिक्का एकच असल्याने ही अडचण आली नाही, हे माझे नशीब.

आता राहिले पाचवे पाकीट. ते शिल्लक नव्हते. खात्याने त्याची किंमत जमा केली आणि जोडीला त्याच मालिकेची कोरी तिकिटे भेट म्हणून पाठवली. कागदोपत्री हे योग्यच होते, पण मालिकेत पडलेली खिंड कोऱ्या तिकिटांनी भरत नाही. त्यापुढे गंमत अशी की सप्टेंबरमध्ये ते हरवलेले पाकीट एका वेगळ्या लिफाफ्यातून, आशियातल्याच दुसऱ्या एका देशाचा चुकीच्या पाठवणीचा शिक्का वागवत, माझ्या दारात आले. मी खात्याला तसे कळवून जमा झालेली रक्कम परत वळती करून घ्या असे लिहिले. त्यांनी एका ओळीत उत्तर दिले की ठेवून घ्या, हिशेब बंद झाला आहे. सेवेला गुण देताना हा प्रसंग मी विसरणार नाही.

चौथे पाकीट परत पाठवल्याची चुटपुट लागते ती अशासाठी. पहिल्या तीन आवरणांच्या मूळ प्रती माझ्याकडेच राहिल्या, त्यामुळे त्या वर्षी मी अल्बममध्ये त्यांच्या जोड्या लावल्या. डाव्या पानावर फिसकटलेले, पत्ता असलेले मूळ आवरण, उजव्या पानावर त्याचे स्वच्छ बदली आवरण, आणि मध्ये पेन्सिलीने दोन ओळींची टीप. चौथ्याची मात्र मूळ प्रत गेली आणि मागाहून आलेली बदली एकटीच राहिली. एकट्या बदली आवरणाकडे पाहून कोणालाही ते बदली असल्याचे समजणार नाही, माझ्यानंतर तर नाहीच. खात्याने पाठवलेले पत्र मी त्याच्या मागे अल्बमच्या खिशात ठेवले आहे, पण पत्रे आवरणांपासून वेगळी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून जो कोणी भरपाई मागेल त्याला माझे सांगणे असे की खात्याला छायाचित्रावर राजी करण्याचा प्रयत्न आधी करावा, आणि मूळ आवरण हातचे सोडण्याआधी चार वेळा विचार करावा. खराब आवरणाची किंमत बाजारात शून्य असते, परंतु त्याच्या बदलीशेजारी ठेवले की ते त्या बदलीचे प्रमाणपत्र होते.

या जोड्या जमवायचा नाद मला तेव्हापासून लागला. पुढच्या दोन वर्षांत मी फोर्टमधल्या एका विक्रेत्याकडे आणि आमच्या मंडळातल्या सदस्यांकडे अशी बदली आवरणे आहेत का याची चौकशी केली. सदस्यांच्या अल्बममध्ये ती असतातही, फक्त त्यांनी खराब प्रत टाकून दिलेली असते आणि बदली प्रत मूळ म्हणून लावलेली असते. विक्रेत्याचे मत व्यवहारी होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गिऱ्हाईकाला कोरे, पत्ता नसलेले, काळ्या शिक्क्याचे आवरणच हवे असते, तेव्हा बदली आवरण मूळच्या आधी खपते. यात तथ्य आहे. आधुनिक आवरणे घेणारे बहुतेक संग्राहक पत्ता नसलेल्या प्रतीला जास्त पैसे मोजतात. म्हणजे टपालातून प्रवास केलेले आवरण स्वस्त, आणि टपाल खात्याच्या टेबलावरून पुठ्ठ्यात गुंडाळून आलेले महाग. मला हा न्याय कधी कळला नाही. पाकीट हे टपालात घालायची वस्तू आहे, एवढे तरी आमच्या छंदात गृहीत धरायला हरकत नसावी.

सेवेत पुढे सुधारणा झाली ती मात्र मनापासून सांगावीशी वाटते. २०२३ मध्ये मला आणखी एका आवरणाची भरपाई मागावी लागली, कारण शिक्क्यातील तारखेचा शेवटचा आकडाच उमटला नव्हता. या वेळी छायाचित्रावर काम झाले आणि बारा दिवसांत बदली आवरण रवाना झाले. त्याच्या मागील बाजूस, खालच्या डाव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या आकाराचा एक निळा रबरी शिक्का होता. त्यांच्या भाषेत ‘बदली प्रत’ आणि खाली महिना व वर्ष. समोरचा भाग पूर्ण स्वच्छ. २०२२ मध्ये मी पत्रात अशी खूण असावी असे सुचवले होते. त्याचा हा परिणाम असेल असे म्हणण्याचे धाडस मी करत नाही, कारण हे सुचवणारा मी एकटा असणे शक्य नाही. पण माझ्या दृष्टीने या एका निळ्या शिक्क्याने ही सेवा चांगलीची उत्तम झाली. आमच्या मंडळात यावर दोन तट आहेत. काहींना वाटते की मागे का असेना, खूण म्हणजे डाग. अप्पा, ज्यांनी पूर्वी आवरणालाच नाकारले होते, ते खूण पाहून म्हणाले, ‘‘आता बोलले ते खरे.’’ मी अप्पांच्या तटात आहे. बदली आवरणाने आपण बदली आहोत हे सांगावे, बाकी सगळे माफ.

उणे बाजूही सांगायला हवी. माहितीकार्ड अजूनही बदलीसोबत येत नाही. ते मागितल्यास मिळते, पण मागावे लागते. बदली आवरणावर पत्ता घालून साध्या टपालाने पाठवा अशी विनंती मी केली होती, म्हणजे ते खऱ्या अर्थाने टपालातून आले असते. तिला नकार मिळाला आणि कारण दिले गेले नाही. साठ दिवसांची मुदत युरोपातल्या ग्राहकाला पुरेशी असेल, परंतु ती माल मिळाल्यापासून मोजायची आणि मिळाल्याची तारीख ग्राहकाने सिद्ध करायची, हे साध्या टपालाने येणाऱ्या पाकिटाबाबत अवघड आहे. आलेल्या लिफाफ्यावरचा आपल्या वितरण कार्यालयाचा तारखेचा शिक्का असला तर तो जपून ठेवावा. नसल्यास लिफाफा उघडण्याआधी दिनांकासह छायाचित्र काढावे. नोंदणी टपालाचा मार्ग आपल्या बाजूने आता जुन्या रूपात राहिलेला नाही, कारण २०२५ मध्ये देशांतर्गत नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. तेव्हा मूळ आवरण परत पाठवण्याची वेळ आलीच, तर परदेशी पाठवणीचे आजचे दर काउंटरवर आधी विचारून घ्यावेत.

ठेवण्याबद्दल थोडे लिहितो, कारण मुंबईत ते टाळून चालत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याचे तिकीट वितरण केंद्र कॅन्सस सिटीत जमिनीखाली, चुनखडीच्या जुन्या खाणीत आहे, आणि तिथे हवा वर्षभर जवळजवळ एकसारखी राहते. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या वर्तमानपत्रालाही पोटीस बांधल्यासारखा ओलावा सुटतो. बदली आवरणाचे झाकण चिकटवलेले नसते, आणि त्या गोंदाला पावसाळ्यात ओल लागली की झाकण आपोआप चिकटते किंवा शेजारच्या आवरणाला धरून बसते. म्हणून झाकणाच्या आत बटर पेपरची पट्टी घालून ठेवावी. पीव्हीसीचे खिसे वापरू नयेत. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ कालांतराने सुटून शिक्क्याची शाई पसरवतो. पॉलिस्टरचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे खिसे महाग पडतात, पण तेच घ्यावेत. हाताने मारलेल्या शिक्क्यावर शाईचा थर जाड असतो, तेव्हा बदली आवरण आल्यावर किमान आठवडाभर त्याला कोरड्या जागी उघडे ठेवून मगच खिशात घालावे. मी हे पहिल्या खेपेस केले नाही, आणि खिशाच्या आतल्या बाजूस वर्तुळाचा पुसट ठसा आजही दिसतो. पहिल्या पाकिटाचा दोष मी स्वतःच बदलीवर जवळजवळ पुन्हा करून ठेवला होता. तांबूस ठिपके पडू लागलेले आवरण मात्र लगेच इतरांपासून वेगळे करावे. बुरशीला मूळ आणि बदली यातला भेद कळत नाही.

एकंदरीत पाहता, परदेशी टपाल खात्याची आवरणे नियमित मागवणाऱ्याने ही सेवा जरूर वापरावी असे मी म्हणेन. तक्रार थोडक्यात आणि दोषावर बोट ठेवून लिहावी; ‘माल खराब आला’ असे लिहिण्यापेक्षा ‘शिक्का तिकिटावर पडलेला नाही’ असे लिहिल्यास उत्तर लवकर येते. प्रत्येक आवरणाचा दोष वेगळा असेल तर वेगवेगळा सांगावा. बदली प्रतीमागे खूण करावी अशी विनंती पहिल्याच पत्रात करावी. मला पाचपैकी गुण द्यायचे झाले तर २०२२ च्या सेवेला तीन देईन आणि निळ्या शिक्क्यानंतरच्या सेवेला साडेचार. उरलेला अर्धा त्या माहितीकार्डासाठी राखून ठेवला आहे.

गेल्या महिन्यात आलेल्या पुडक्यात एका पक्ष्याच्या तिकिटाचे आवरण होते. शिक्का थोडा तिरका बसला आहे आणि पाकिटाचा वरचा उजवा कोपरा किंचित दबला आहे. त्यावर माझा पत्ता आहे, मागे वितरण कार्यालयाचा शिक्का आहे. छायाचित्र काढून ठेवले, पत्राचा मसुदाही केला. मुदत संपायला अजून सव्वीस दिवस आहेत, पण ते पत्र मी पाठवणार नाही.